सोयापेंडीच्या आलेखामागचं कराचं गणित

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या सोयापेंड निर्यातीची तुलना करणारा आलेख आपल्या व्यापार पानावर आला, बघून बरं वाटलं, हा विषय कोणी फारसा घेतच नाही. पण 2022-23 पाशी दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि खाली एका ओळीत "ब्राझीलची आघाडी" लिहून विषय संपवलात, ते काही पटलं नाही.

त्या हंगामात ब्राझीलने वेगळं काही करायच्या आधीच अर्जेंटिना खाली आला होता. ला निनाचं (पॅसिफिकचं पाणी थंड होतं आणि अर्जेंटिनात पाऊस घटतो, ते) सलग तिसरं वर्ष, भयंकर दुष्काळ, एरवी चार-साडेचार कोटी टन होणारं सोयाबीन 2 ते अडीच कोटी टनांवर आलं. तिथल्या रोसारिओ शहराजवळ पराना नदीकाठी प्रचंड क्षमतेचे गाळप कारखाने उभे आहेत, त्यांना दळायला माल नाही, मग पॅराग्वे आणि खुद्द ब्राझीलमधून सोयाबीन आणून मशीनं चालवली. म्हणजे त्या वर्षी अर्जेंटिनाच्या नावावर दिसणाऱ्या पेंडीतली बरीचशी मुळात शेजाऱ्यांच्या शेतातली होती, हे आलेखात कुठे दिसणार?

आता मुळात इतकं कमी पिकवणारा देश इतकी वर्षं पेंडीत पहिला का होता? उत्तर बऱ्याच अंशी करात आहे. अर्जेंटिनात निर्यातीवर कर लागतो, तिकडे त्याला रेतेन्सिओनेस म्हणतात, आणि बरीच वर्षं अख्ख्या सोयाबीनवर तो जास्त, पेंड आणि तेलावर थोडा कमी असा ठेवला गेला. 2024 मध्ये 33 आणि 31 टक्के होता. दोनच टक्के म्हणाल, पण गाळपाच्या धंद्यात मार्जिनच बारीक असतं, तिथे दोन टक्के म्हणजे चैन! अख्ख्या सोयाबीनवर कर जास्त, म्हणून देशात त्याला भाव कमी आणि कारखान्याला माल स्वस्त; शेतकऱ्याच्या खिशातून कारखान्याला मिळालेली सबसिडीच ती, असं माझं मत. आणि देशात कोंबड्या-डुकरांना लागणारी पेंड उत्पादनाच्या मानाने थोडीच, त्यामुळे निघालेली जवळपास सगळी पेंड जहाजात.

ब्राझीलमध्ये उलटं झालं. 1996 च्या कांदीर कायद्याने कच्च्या मालाच्या निर्यातीवरचा राज्यांचा कर गेला. पण तेच सोयाबीन दुसऱ्या राज्यातल्या कारखान्यात पाठवलं तर कर लागतो, मग व्यापारी काय करणार, सरळ बंदरावर नेणार. त्यानंतर चीनची मागणी आली, आणि चीनला पेंड फारशी नको असते, तो अख्खं सोयाबीन घेऊन स्वतःच्या कारखान्यात गाळतो. 2023 मध्ये ब्राझीलने 10 कोटी टनांच्या वर सोयाबीन तसंच विकलं. देशात जे गाळलं त्यातली निम्म्याच्या जवळपास पेंड त्यांच्याच कोंबड्या-डुकरांनी खाल्ली, आणि त्यातली काही पुढे मांस म्हणून परदेशात गेली. ही पेंडीची निर्यात नाही तर काय? आकडा मात्र मांसाच्या खात्यात.

अलीकडे ब्राझीलची पेंड खरंच वाढतेय, पण तीही पेंडीसाठी नाही, तेलासाठी. डिझेलमध्ये बायोडिझेलचं प्रमाण मार्च 2024 पासून 14 टक्के आणि ऑगस्ट 2025 पासून 15 टक्के केलं, त्याला सोयातेल लागतं. पण सोयाबीन गाळलं की तेल निघतं 18-20 टक्के आणि पेंड पाऊणपट, मग ती कुठेतरी विकायलाच हवी. म्हणून युरोप, थायलंड, इंडोनेशियात स्वस्त पेंड येते आणि तिथे अर्जेंटिनाशी टक्कर होते.

दुष्काळ सरल्यावर अर्जेंटिना पुन्हा वर गेला, म्हणून ती आघाडी कायमची समजू नये. आपल्याला एवढीच विनंती की पुढचा आलेख छापताना त्याच्या शेजारी दोन्ही देशांचं उत्पादन, अख्ख्या सोयाबीनची निर्यात आणि त्या वर्षीचा कराचा दर द्या, आणि वर्ष कॅलेंडरचं की हंगामाचं तेही लिहा. 2025 चा आकडा देताना तर नक्कीच, कारण त्या सप्टेंबरात अर्जेंटिनाने काही दिवस हा कर शून्यावर आणला आणि चीनने तेवढ्यात अख्खं सोयाबीन भरपूर उचललं, म्हणजे रोसारिओच्या कारखान्यांचा करातल्या फरकाचा फायदा त्या दिवसांपुरता उडाला.

आपला एक नियमित वाचक