पडद्यावरचा बालसाहित्यिक कामही करताना दिसावा

महोदय,

मुलांसाठी लिहिणाऱ्या, धडपडणाऱ्या लेखकावरचे कौटुंबिक विनोदी चित्रपट घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावेत असेच असतात. पण एक गोष्ट खटकते. लेखकाला काही सुचत नसतं, एखादं मूल निरागसपणे काही बोलून जातं आणि एका रात्रीत पुस्तक हातावेगळं होतं! खरी गंमत पुढच्या खटपटीत आहे, नेमकी तीच गाळली जाते.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचा फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा संच, साधारणपणे १६ पानांचा. शीर्षक वगैरेंची पानं वजा जाता गोष्टीसाठी समोरासमोरच्या पानांच्या १२ ते १४ जोड्या उरतात. शब्द पाचशेच्या आसपास. म्हणून आठ कोरे कागद मधोमध दुमडून नमुना-वही करायची आणि मजकुराच्या पट्ट्या त्यात चिकटवायच्या. ‘तिने दार उघडलं आणि...’ हे उजव्या पानाच्या शेवटी हवं. डाव्या पानावर आलं तर दारामागचं चित्र शेजारीच दिसतं आणि उत्सुकता तिथेच मरते. चित्रात लाल छत्री असेल तर मजकुरातली ‘लाल’ काढायची. मग वही दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. वाचणारा अडखळला की ते वाक्य बदलायचं. सुटलेल्या पट्ट्या, उलटसुलट झालेली पानं... विनोदाला आणखी काय हवं?

नकाराचंही तसंच, तोही गाळला जातो. ‘पीटर रॅबिट’ या सशाच्या गोष्टीच्या इंग्रज लेखिका बिआट्रिक्स पॉटर यांनी प्रकाशकांच्या नकारानंतर १९०१ मध्ये आपल्या पहिल्या पुस्तकाच्या २५० प्रती स्वखर्चाने छापल्या होत्या. पटकथाकारांनी ती नमुना-वही एकदा तरी पडद्यावर आणावी, ही मनापासून विनंती.

– बालपुस्तकांचा एक संपादक