सान काशानोची कुंडं सर्वांसाठी खुली राहू द्या

मा. संस्कृतिमंत्री, इटली सरकार, रोम यांस

सविनय नमस्कार.

गेली काही वर्षं मी सिएना जिल्ह्यात राहते. माझी इटालियन दुकानात, दवाखान्यात चालून जाते, पण मनातलं सांगायला पुरत नाही. म्हणून हे पत्र मराठीत लिहिलं आहे. सोबत भाषांतर जोडते.

सान काशानो देई बान्यी या डोंगरावरच्या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाबद्दल लिहायचं आहे. गावाखालच्या उतारावर दगडी बांधणीची उघडी कुंडं आहेत. पाणी साधारण 42 अंशांचं. तिकीट नाही, दार नाही. जानेवारीत सकाळी गेलं की वाफेत माणसं दिसत नाहीत, नुसती बोलणी ऐकू येतात. काठावर प्लास्टिकच्या चपलांचे जोड, झाडाला अडकवलेले टॉवेल. एका आजींनी मला पाण्यात कुठे बसायचं ते हाताला धरून दाखवलं होतं, कारण झरा जिथून आत येतो तिथे पाठ जास्त शेकते.

त्या काठापासून हाकेच्या अंतरावर 2019 पासून एका प्राचीन देवस्थानाचं उत्खनन सुरू आहे. 8 नोव्हेंबर 2022 रोजी आपल्याच मंत्रालयाने जगाला सांगितलं, की तिथल्या गरम चिखलातून वीसहून अधिक कांस्यमूर्ती आणि हजारो नाणी निघाली आहेत. 1972 मध्ये दक्षिण इटलीतल्या रियाचे गावाजवळच्या समुद्रात दोन योद्ध्यांचे पुतळे सापडले, त्यानंतरचा हा कांस्याचा सगळ्यात मोठा शोध, असं तेव्हा म्हटलं गेलं. मूर्ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून पुढच्या आहेत. चिखलाने त्या इतक्या जपल्या की त्यांच्यावरची अक्षरं आज वाचता येतात. काही लेख एट्रुस्कन भाषेत, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या भाषेत, काही रोमनांच्या लॅटिनमध्ये. त्या काळात या मुलखात लढाया आणि यादवी चालू होती. तरी दोन्ही भाषांची माणसं एकाच झऱ्यापुढे हात जोडत होती. मला या शोधातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, सोन्याच्या नाण्यांपेक्षाही मोठी.

मूर्तींइतकेच मला तिथले अवयव आठवतात. कांस्याचा कान, पाय, हात, पोटातली इंद्रियं. ज्याचं जे दुखत होतं ते त्याने घडवून पाण्याला वाहिलं. पुढे सापडलेला एक पुतळा तर उभा चिरल्यासारखा अर्धाच आहे. गायस रोस्कियस नावाच्या माणसाने तो गरम झऱ्याला अर्पण केला, असं त्यावर कोरलंय. शरीराची अर्धी बाजू त्याला त्रास देत असेल का, बरी झाली असेल का, हे विचार माझ्या मनातून जात नाहीत.

मंत्रिमहोदय, हे मला परकं वाटत नाही. मी वज्रेश्वरीच्या गरम कुंडांजवळ वाढले. आमच्याकडे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहून नवस फेडतात. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, आणि तिथल्या रांगेत हिंदू बायकाही असतात. माझ्या आजीचे गुडघे आखडलेले. ती दर थंडीत अकलोलीच्या कुंडात उतरायची. पैसे मोजावे लागले असते तर ती कधीच उतरली नसती.

पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्म पसरल्यावर सान काशानोचं देवस्थान बंद झालं. कुंडावर दगडी खांब आडवे टाकून ते झाकलं गेलं. पण कोणी मूर्ती फोडल्या नाहीत. आणि पाणी वाहतच राहिलं. पुढे फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या राजवटीतही लोक इथे दुखणी घेऊन येत होते. देव बदलले, राजे बदलले, गुडघे शेकायला येणारी माणसं मात्र तीच.

गावातल्याच एका जुन्या वाड्यात संग्रहालय आणि खाली पुरातत्त्व उद्यान करण्याचं तुमच्या मंत्रालयाने जाहीर केलं, याचा मला मनापासून आनंद आहे. या वस्तू रोमला किंवा फ्लॉरेन्सला कायमच्या हलवल्या असत्या तर गावाच्या हाती फक्त खड्डा उरला असता. पण उद्यान आलं की कुंपण येतं, कुंपणाला फाटक येतं. गर्दी वाढली की कोणीतरी म्हणणारच, कुंडांनाही तिकीट लावू या. माझी भीती एवढीच आहे.

म्हणून दोन गोष्टी मागते. उद्यानाच्या आराखड्यात ही उघडी कुंडं विनाशुल्क राहतील, हे आत्ताच स्पष्ट लिहून घ्या. आणि जवळच्या किउसीच्या रेल्वे स्टेशनपासून गावापर्यंत दिवसातून पुरेशा बस ठेवा, रविवारीसुद्धा. एका रविवारी मी बसची वाट बघत स्टेशनबाहेर तीन तास बसले आणि परत फिरले. माझ्याबरोबर एक काठी घेतलेले आजोबा होते. त्यांनाही कुंडावरच जायचं होतं.

आपली नम्र,
सिएना जिल्ह्यात राहणारी एक मराठी बाई