आईचा चाकू वाचवणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्यासमोर नीट थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, घसाच दाटून आला होता. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

तो घडीचा चाकू माझ्या आईचा. बघणारे सगळे वडिलांचा समजतात, पण नाही, आईचाच, कायम तिच्या पर्समध्ये असायचा. आमच्या पेन्सिलींना टोक, पार्सलची सुतळी, गुलाबाची कलमं, सगळं त्यानेच. ती गेल्यावर माझ्याकडे आला तेव्हा पात्याचं टोक मोडलेलं होतं, कुणीतरी त्याने डब्याचं झाकण उचकटलं होतं म्हणे, आणि धारेला खाचा पडल्या होत्या.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. एकाने तर न बघताच सांगितलं, फेकून द्या हो, नवीन घ्या. दुसऱ्याने हातातून घेतला आणि मी काही बोलायच्या आत सरळ फिरत्या ग्राइंडरला लावला, ठिणग्या उडाल्या, टोकाकडचं पातं निळं पडलं, आणि वर मलाच म्हणे, काही होत नाही मॅडम, पॉलिश केलं की जाईल. रंग जाईल हो, पण पोलादाचं उतरलेलं पाणी कुठून आणणार? साध्या पोलादावर तो निळा रंग साधारण ३०० अंशांच्या आसपास येतो, आणि तिथवर तापलं की धार टिकवणारा कडकपणाच कमी होतो. आता विचारा, हे मला कुणी सांगितलं? तुम्हीच. तुम्ही कानस आधी मुठीजवळच्या भागावर फिरवलीत, ती जवळजवळ घसरून गेली, मग निळ्या भागावर फिरवलीत तर तिथे लगेच धरली, आणि मग ती कानस माझ्याच हातात दिलीत, बघा तुम्हीच म्हणून.

पण मला लिहायचंय ते त्या मार्कर पेनबद्दल.

तुम्ही काम सुरू करायच्या आधी खिशातून मार्कर काढलात आणि पात्यावर एक बारीक काळी रेघ ओढलीत. म्हणालात, ह्याच्या पुढचं सगळं जाईल, चालेल का? मी काहीच बोलले नाही. बोलताच येईना, कारण पातं आधीच आखूड झालेलं आणि आता अजून जाणार. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत, फडक्याने ती रेघ पुसलीत आणि दुसरी ओढलीत, थोडी टोकाच्या बाजूला. जरासं निळं राहील, तेवढा भाग मऊ असेल, पण तुम्ही काय ह्याने लोखंड कापणार आहात, असं म्हणालात. काका, दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल. पण घासून काढलेलं पोलाद परत येत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरी, किंवा म्हणूनच, तुम्ही आधी विचारलंत. आईच्या वस्तूवर किती हात घालायचा हे मला ठरवू दिलंत. आधीच्या कुणालाच ते सुचलं नव्हतं.

मग पुढचं काम शांतपणे, दगडावर, पाणी लावत लावत, मधेमधे बोट टेकवून गरम होतंय का बघत. टोक तुम्ही पाठीच्या बाजूने उतरवलंत, धारेकडून वर नेलं असतं तर चाकू मिटल्यावर टोक मुठीच्या बाहेर राहिलं असतं आणि बोटात घुसलं असतं, हे मला घरी येऊन चाकू उघडमिट करताना समजलं. आता टोक बरोबर आत बसतं. पात्यावरचा तो राखाडी रंगही तुम्ही राहू दिलात, चकचकीत करून दिला नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार. तो रंग तिच्या वापराने आलेला आहे.

आणि एक छोटी खाच मुद्दाम ठेवलीत. ती काढायची तर अख्ख्या धारेचं पोलाद उतरवावं लागेल, पातं अरुंद होईल, त्यापेक्षा राहू दे, पुढे धार लावता लावता आपोआप जाईल, असं म्हणालात. आपलं काम एकदम परफेक्ट दिसावं ह्याचा मोह कारागिराला होत नसेल का? होत असणारच. तुम्ही तो सोडलात, चाकूसाठी.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारणारी माणसं मला आता फार मोठी वाटायला लागली आहेत, मग ती चाकूवाली असोत, शिंपी असोत की डॉक्टर. हुशार लोक खूप भेटतात हो, थांबून विचारणारे कमी भेटतात.

सांगितल्याप्रमाणे बिजागरीत तेलाचा एक थेंब टाकते, वापरून झालं की पुसून कोरडा करूनच मिटते. परवा गुलाबाचं कलम केलं त्याने, काप एकदम स्वच्छ आला. पुढच्या वेळी धार लावायला तुमच्याकडेच आणणार आहे, आणि दगडावर हात कसा धरायचा तेही शिकवाल का, प्लीज? मला ते स्वतःला यायला हवंय.

तुमची,
चाकूवाली मुलगी