वायंगणाच्या (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या) पाण्याबद्दल

फोंडा, २० फेब्रुवारी

ती. आई-बाबांस, सा. न.

आई, तू कदंबाच्या बसमधून तपासायला पाठवलेली पाण्याची बाटली मिळाली. झाकणाला खोबरेल तेलाचा वास होता, म्हणून दादाला नव्या बाटलीत, तीनदा खळबळून, पुन्हा पाणी भरून आणायला लावलं. उगाच नाही रागावले त्याच्यावर!

बाबा, खाडीकाठच्या खाजनाकडेच्या विहिरीच्या पाण्याची क्षारता, म्हणजे त्यातलं मीठ, ३.२ डेसिसीमेन्स प्रति मीटर भरली, तळीच्या पाण्याची ०.४. पाणी २ च्या वर गेलं की भाताचा उतारा घटायला लागतो. गहू ४ पर्यंत दम धरतो, भात नाही. पानांची टोकं पांढरी पडून वाळताहेत ती युरिया कमी पडला म्हणून नाही, मिठामुळे. गेल्या वर्षी फोनवर "युरिया टाका" म्हणणारी मीच होते, तेव्हा ती चूक माझ्या पदरात घाला. आई, मिठात चेपणीला घातलेले कैरीचे तोर कसे सुरकुततात? मीठ त्यांच्यातलं पाणी ओढून घेतं. मुळांचं तसंच होतं. चिखलात उभी असूनही त्यांना पाणी ओढता येत नाही.

आता पीक पोटरीत येईल. रोप लहान असताना आणि कणीस बाहेर पडताना भाताला मीठ सगळ्यात जास्त बाधतं. तेव्हा खारं पाणी दिलंत तर कणसं दिसतील छान, मळणीला मात्र निम्मी पोकळ पळंज निघेल. म्हणून पुढचे तीन आठवडे तळीचंच पाणी द्या. पुरत नसेल तर निम्मं-निम्मं मिसळा, क्षारता १.८ च्या आसपास येईल. शेत सुकू देऊ नका, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. साचलेलं खारट पाणी आधी काढून मगच गोडं पाणी सोडा. शेजाऱ्यांशी तळीच्या पाळीवरून बोलणं बंद आहे, ठाऊक आहे मला. दादाला पाठवा.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशीच्या दाराची खालची फळी कुजलीय असं दादा म्हणाला. भरतीचं पाणी तिथूनच आत येत असणार. कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली बिळंही बघून घ्या.

सरदीला, पावसाळी पिकाला, ज्योती भाताऐवजी खारं सोसणारा कोरगुट लावूया का? जुन्या गोव्याच्या संशोधन केंद्राने कोरगुटातूनच निवडून गोवा धान १ आणि २ काढलेत, खाऱ्या जमिनीसाठी. आईला पेजेला कोरगुटच लागतो, तेवढं तरी जमेल.

शिगम्याला येते. मीटर घेऊनच येईन.

तुमची,
बाय