लॅमिंग्टन रोडवरच्या गेमच्या दुकानातल्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून नेलेलं प्लेस्टेशन ५ स्लिम, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं कन्सोल, घरी बसलं आणि पहिल्या संध्याकाळपासून विनातक्रार चालू आहे. याचं श्रेय तुमचं, म्हणून हे पत्र. जाहीर लिहितोय, कारण तुम्ही काउंटरवर उभ्या उभ्या जे समजावलंत ते कन्सोल घेणाऱ्या कुठल्याही घराला लागेल, आणि खोक्यावर त्यातलं फारसं काही छापलेलं नसतं.

किंमत सांगायच्या आधी तुम्ही टीव्हीचा मॉडेल नंबर विचारलात, घरच्या नेटचा वेग विचारलात आणि खेळणार कोण तेही विचारलंत. डिस्कवालं घ्यायचं की डिजिटल, म्हणजे डिस्कशिवाय फक्त नेटवरून गेम उतरवणारं, हे त्यावरच ठरलं. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम भारतात आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० आणि डिजिटलची ४४,९९० रुपये होती. त्या दहा हजारांकडे बघून बरेच जण डिजिटल उचलतात. तुम्ही हिशेब मांडलात: नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो, डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राशी बदलता येते, डिजिटल गेम मात्र आपल्या प्लेस्टेशन अकाउंटला बांधलेला राहतो. आमच्यासारख्या घरात फरक वसूल व्हायला फार गेम लागणार नाहीत. सोबत हेही बजावलंत की डिस्क असली तरी गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे कन्सोलच्या वेगवान साठवणीवर, उतरतोच, खेळताना डिस्क आत लागतेच, आणि स्लिमचा डिस्क ड्राइव्ह कन्सोलशी जोडून घ्यायला पहिल्यांदा इंटरनेट लागतं. गावच्या घरी, नेट नसताना, खोकं उघडून काही उपयोग नाही.

एक टीबी लिहिलेलं असलं तरी गेमसाठी हाताशी साधारण ८४२ जीबी येते. शंभर जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या नेटवर उतरायला साडेपाच तास, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. तेही वेग पूर्ण मिळाला तर. म्हणून राउटरपासून लॅनची वायर ओढा म्हणालात. जादा एसएसडी मात्र त्या दिवशी विकली नाहीत, ‘आधी जागा भरू दे’ म्हणालात. हातची विक्री सोडून असा सल्ला देणारं दुकान विरळा. पुढे घ्याल तेव्हा प्रकार एम.२ एनव्हीएमई, जोडणी पीसीआयई जेन ४, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा जास्त रीड स्पीड, आणि हीटसिंकसकट (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत, हे सगळं तुम्ही बिलाच्या मागे लिहून दिलंत. हीटसिंक का, तेही सांगितलंत: तापली की एसएसडी स्वतःहून वेग कमी करते. यूएसबीची साधी हार्ड डिस्क लावली तर त्यावरून पीएस४ चे, म्हणजे आधीच्या प्लेस्टेशनचे, गेम चालतात. पीएस५ चे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, चालवायला परत आत आणावे लागतात.

सर्वात मोलाची मदत टीव्हीच्या बाबतीत झाली. फोर-के, १२० हर्ट्झचा (सेकंदाला १२० चित्रं दाखवणारा) टीव्ही असूनही चित्र ६० वरच अडकलंय ही तक्रार घेऊन लोक कन्सोल परत आणतात, आणि दोष बहुतेक वेळा टीव्हीच्या सेटिंगमध्ये निघतो. चारही एचडीएमआय पोर्ट सारखे नसतात. कित्येक टीव्हींत १२० हर्ट्झ घेणारे एक-दोनच, त्या पोर्टपाशी तसं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तो पोर्ट सापडला तरी टीव्हीत त्याची परवानगी वेगळी द्यावी लागते: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीमध्ये ‘एचडीएमआय डीप कलर’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. मग गेम मोड. तो बंद असला की टीव्ही प्रत्येक चित्रावर आपली प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंत वेळ जातो. खेळणारा हातांना दोष देतो, खरा दोष टीव्हीच्या मोडचा असतो.

वायर खोक्यातलीच वापरा, ती एचडीएमआय २.१ ची आहे, हेही तुमचंच. जुन्या सेट-टॉप बॉक्सची वायर लावली की पडदा मधूनच काळा होतो. तसं झालंच तर कन्सोल पूर्ण बंद करायचा, पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून धरायचं, कंट्रोलर केबलने जोडायचा आणि उघडलेल्या सेफ मोडमधून (दुरुस्तीच्या मेनूतून) व्हिडिओ आउटपुट बदलायचं. आणि ती पिन लावताना तुम्ही हात धरून दाखवलंत: पोर्टसमोर सरळ, न डोलवता, एकाच दाबात. कन्सोल हलवायचा असेल तर आधी पिन काढायची. वायरला हिसका बसून पोर्ट मोडला की मदरबोर्डवर सोल्डरिंगचं काम निघतं. आता आमच्याकडे झाडलोटीला शेल्फ ओढण्याआधी पिन निघते.

खोक्यातली कंट्रोलरची केबल एका टोकाला जुन्या चौकोनी यूएसबीची आहे आणि स्लिमच्या पुढच्या बाजूला दोन्ही पोर्ट टाइप-सीचे. म्हणजे पहिल्या जोडणीला केबल मागेच लावावी लागते. कन्सोल भिंतीला सरकवण्याआधी हे उरकून घ्या, असं तुम्ही सांगितलंत. भिंतीपासून निदान १० सेंटीमीटर जागा सोडायला सांगितलीत, कारण गरम हवा मागून बाहेर पडते. काचेचं दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये ती हवा फिरून परत आत जाते आणि पंखा ओरडायला लागतो. आडवं ठेवताना पारदर्शक पाय लावायला विसरायचं नाही. उभं ठेवायचा स्टँड वेगळा विकत मिळतो. आम्ही आडवंच ठेवलंय.

नवा कंट्रोलर तपासायला वेगळा गेम लागत नाही, हे माहीत नसतं बऱ्याच जणांना. आत आधीपासून असलेला ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ सुरुवातीलाच टचपॅड, थरथर, ट्रिगरचा विरोध, कंट्रोलर तिरका केल्याची जाणीव, माइकमध्ये फुंकर, सगळं एकेक करून घेतो. दोन्ही ट्रिगर सारखा विरोध देतायत का हे तिथेच कळतं. शिवाय दोन्ही स्टिकवरचे अंगठे काढून मेनू बघत राहायचं. तो आपोआप सरकला तर कंट्रोलर बदलून मागायचा. वापरून वापरून स्टिकखालचे कार्बनचे पट्टे झिजले की असंच होतं, पण नव्या नगात ते चालवून घ्यायचं नाही.

दुबईहून आणलेल्या नगाबद्दलही तुम्ही धंद्यापुरतं बोलला नाहीत. आतला पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टचा, तेव्हा विजेची अडचण नाही, फक्त प्लग वेगळा. खरा प्रश्न इथल्या वॉरंटीचा. डिस्क कुठल्याही देशाची चालते, पण तिचं जादा कंटेंट (गेमचे नेटवरून मिळणारे वाढीव भाग) अकाउंटच्या देशाशी जुळावं लागतं, आणि अकाउंटचा देश नंतर बदलता येत नाही. म्हणून अकाउंट भारताचं आणि डिस्कही भारतातलीच घ्या म्हणालात.

मुलांची अकाउंटं मोठ्यांच्या अकाउंटखाली काढली, खर्चाची मर्यादा शून्यावर आणली. खेळायची वेळ संपली की नुसती सूचना द्यायची की थेट लॉग-आउट करायचं, हे ठरवता येतं. आम्ही आठवडाभर सूचनेवर ठेवतोय, तुम्ही म्हणाला होतात तसं.

ताई, मनापासून आभार. दुसरा कंट्रोलर घ्यायचाय, पांढराच. पुढच्या शनिवारी दुपारी गर्दी कमी असताना येतो. एक नग बाजूला ठेवाल का?

तुमचं एक गिऱ्हाईक कुटुंब