रद्द नाही म्हणे, पुढे ढकललंय

ठाणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

सुट्टी दिली नाही म्हणून तुझ्या साहेबाला घातलेल्या सगळ्या शिव्या आधी परत घे आणि उद्या जमलं तर त्याला एक कटिंग पाज, कारण रात्रीची एसटी धरून तू कोल्हापूरहून त्या कॉस्प्लेच्या मेळ्याला, म्हणजे आवडत्या पात्रांचे वेष करून जमायच्या आपल्या त्या कार्यक्रमाला, आला असतास तर आज माझ्याशेजारी वाशीच्या फुटपाथवर बसला असतास. व्हॉट्सॲपवर टाईप करत बसलो असतो तर मधेच डोकं फिरून सोडून दिलं असतं म्हणून हे पत्र, लांबलंय, चहा घेऊन बस.

सकाळी साडेआठला निघालो, तिन्ही तलवारी आईच्या जुन्या चादरीत गुंडाळून. ठाण्याला दहा नंबरवर आरपीएफवाल्याने अडवलं, यात काय आहे. मी म्हटलं तलवारी. तोंडातून निघून गेलं रे, तीन आहेत हेही वर सांगितलं, मग त्याचा चेहरा बघून घाईघाईत एक बाहेर काढली आणि वाकवून दाखवली की बाबा फोमची आहे, तेव्हा कुठे हसला आणि पोरासाठी अशी कुठे मिळेल म्हणून विचारायला लागला. त्याला काय सांगू, मिळत नाही, अडीच महिने घासावं लागतं. तुला माहितीये, फोमची शीट कापायची, हीट गनने तापवायची म्हणजे वरची भोकं बुजतात, मग फेविकॉलचे हात मारायचे, एक सुकला की दुसरा, आणि पावसाळी हवेत तो सुकतच नाही, त्यात आई म्हणते घरभर वास मारतोय. तिसऱ्या तलवारीची मूठ मी चारदा गुंडाळली. चारदा! आणि ती कुणाला दाखवली, तर आरपीएफवाल्याला.

कोपरखैरणे गेलं आणि मेल आला. काय तर 'अपरिहार्य कारणास्तव' कार्यक्रम 'अधिक भव्य स्वरूपात' पुढे ढकलण्यात येत आहे, आपली तिकिटं नव्या तारखेला चालतील. नवी तारीख? ती लवकरच कळवू. सकाळी दहाला गेट उघडणार होतं, मेल आला ९ वाजून १० मिनिटांनी. रात्री झोपताना नव्हतं का रे माहीत यांना?

तरी गेलो, म्हटलं बघू तरी. तर हॉलमध्ये फर्निचरचं प्रदर्शन, आणि गेटवर कमान, सोफा घ्या डायनिंग टेबलवर सूट. वॉचमनला विचारलं तर म्हणाला हे लोक आठवडाभरापासून माल उतरवतायत, तुमचं काही बुकिंग होतं असं मला तरी कुणी बोललं नाही. आता वॉचमनला सगळं माहीत असतं असं नाही, पण आठवडाभर, पक्या!

बाहेर आमच्यासारखी पन्नासेक पोरं. एक कोल्ह्याचा मुखवटा घातलेला पोरगा तो कपाळावर सरकवून वडापाव खात होता, चटणी सांडेल म्हणून पांढरा अंगरखा वर धरलेला. पनवेलहून एक आठवी नववीतली मुलगी आली होती, पाठीला पुठ्ठ्याचे पंख, एवढे मोठे की रिक्षात मावले नाहीत म्हणून बाप ते हातात धरून स्टेशनपासून चालत आलेला. तो बिचारा पुन्हापुन्हा हेल्पलाईनचा नंबर लावत होता, नंबर बंद. मुलगी काहीच बोलत नव्हती, फक्त पंखाचा एक कोपरा दुमडला होता तो बोटाने सरळ करत होती. मला आमच्या पैशांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.

आता पैशाचं. दोघांचे १,४९९ प्रमाणे २,९९८, वर कन्व्हिनियन्स फी, जी कुठल्याच बाजूने कन्व्हिनियंट नाही. मी ट्रेनमध्येच बँकेला फोन लावला. त्या बाई नीट बोलल्या, म्हणाल्या कार्यक्रम रद्द झाल्याचं काहीतरी लेखी द्या, आम्ही पुढे पाठवतो. आणि गोम इथेच आहे! लेखी काय आहे आपल्याकडे? 'पुढे ढकललंय'. अख्ख्या मेलमध्ये रद्द हा शब्द एकदाही नाही, मी तीनदा वाचला. तिकिटाच्या अटीत काय लिहिलंय, कार्यक्रम रद्द झाला तरच रिफंड. म्हणजे यांनी तो शब्द उच्चारायचाच नाही, तारीख द्यायची नाही, आणि आपले पैसे तिकडे आरामात बसून राहणार. अरे रेल्वेला आपण रोज नावं ठेवतो, पण गाडी रद्द झाली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे न मागता खात्यात येतात, आणि रद्द झालेल्या गाडीला रेल्वे 'अधिक भव्य स्वरूपात पुढे ढकललेली' म्हणत नाही.

बाहेरच्या देशातही हे चालतंच म्हणा. २०१४ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला डॅशकॉन नावाचं चाहत्यांचं असंच संमेलन झालं होतं, आठवतंय, आपण त्या फोटोवर किती हसलो होतो? आयोजकांनी कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांकडूनच १७,००० डॉलर गोळा केले, आणि एक मोठा शो ऐनवेळी बुडाला तेव्हा राखीव सीटवाल्यांना भरपाई म्हणून काय, तर प्लास्टिकच्या रंगीत बॉलच्या हौदात एक तास जादा. हसलो होतो खरे. आज वाटतं हौद तरी होता त्यांच्याकडे. आणि सॅन दिएगोचं कॉमिक-कॉन, कॉमिक्सवाल्यांचा तो मोठा मेळा, २०२० मध्ये कोविडमुळे रद्द झालं, पन्नास वर्षांत पहिल्यांदा, पण त्यांनी सरळ रद्द म्हणून सांगितलं आणि पैसे परत हवेत की पुढच्या वर्षीचा बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, हे लोकांना विचारलं. कार्यक्रम बुडतात रे, मान्य आहे, पाहुणा आजारी पडतो, स्पॉन्सर पळतो. माणसाने तसं सांगावं ना.

तर मी काय करणार आहे ते ऐक. पंखवाल्या मुलीच्या बापाने तिथेच ग्रुप काढला, ३४ जण आहेत आत्तापर्यंत. उद्या १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार. तिथे नाही हलले तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार टाकता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या मामल्याला फी पण नाही. त्यांचं ऑफिस कुठे आहे ते शोधत फिरायला नको, मी ठाण्यात टाकतो.

फक्त एक काम कर. तिकीट काढायच्या दिवशी तू मला तो पोस्टर पाठवला होतास, त्यावर खाली बारीक अक्षरात 'हॉल निश्चित' आणि तारीख होती, तो त्यांनी आज दुपारी काढून टाकलाय आणि माझ्या चॅटमधून फोन बदलताना उडाला. तुझ्या गॅलरीत असेल, मे महिन्यात बघ, तुझ्या बहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोंच्या आसपास. सापडला की लगेच पाठव. आणि तुझे १,४९९ मी देतो म्हणालो तर तू घेणार नाहीस, त्यामुळे विचारतच नाही.

तलवारी आईने माळ्यावर टाकायला सांगितल्यात. अजून दारामागेच उभ्या आहेत.

तुझा,
बंड्या