चमकणारे पॉलिमर नॅनोकण आणि एन्झाइमचा माग

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

प्रथिने तोडणारी एन्झाइमे हुडकण्यासाठी पॉलिमरचे चमकणारे नॅनोकण वापरण्याचा तुझा विचार वाचून आनंद झाला; मात्र तुझा सारा भर कण किती तेजस्वी आहेत यावर आहे, आणि खरी मेख तिथे नाही.

कण बनवणे त्यामानाने सोपे. एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने असलेला पॉलिमर टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवून, ध्वनिलहरींनी ढवळल्या जाणाऱ्या पाण्यात ते द्रावण झटकन सोडले, की पाण्याशी न पटणाऱ्या त्याच्या साखळ्या गोळा होऊन कण तयार होतात. (याच कुळातील वीजवाहक पॉलिमरसाठी हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.)

खरे काम कणाच्या पृष्ठभागावर चालते. तिथे एक छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) जोडून त्याच्या मोकळ्या टोकाला क्वेंचर, म्हणजे चमक विझवणारा रेणू, बसवला, की पॉलिमरने शोषलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडण्याऐवजी क्वेंचरकडे जाते आणि कण मंद राहतो. ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या एन्झाइमने ते पेप्टाइड लायसिन किंवा आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर तोडले, की क्वेंचर दूर जातो व कण उजळतो. या ऊर्जावहनाचा वेग अंतर दुप्पट होताच चौसष्ट पटींनी घटतो, त्यामुळे पेप्टाइड आखूड ठेवण्याचा मोह होतो. पण फार आखूड पेप्टाइड एन्झाइमच्या खाचेत शिरतच नाही, कारण कणाचा पृष्ठभागच आडवा येतो. ही लांबी प्रयोगानेच ठरवावी लागते, आणि तुझा बराचसा वेळ तिथेच जाईल असे मला वाटते.

उजेड वाढला म्हणजे एन्झाइम सापडले, असे मात्र समजू नकोस. रक्तद्रवातील प्रथिने कणांना चिकटतात आणि त्यानेही चमक बदलू शकते. उलट, चमक विझण्यावर आधारलेली चाचणी तर मी हातीही धरणार नाही, कारण तांब्याचे आयनदेखील चमक विझवू शकतात. म्हणून एका नळीत त्या एन्झाइमचा निरोधक, म्हणजे त्याचे काम रोखणारा पदार्थ, घाल, आणि दुसरीत डी-अमिनो आम्लांचे (नेहमीच्या अमिनो आम्लांच्या आरशातील प्रतिमांसारख्या रूपांचे) पेप्टाइड जोडलेले कण घे, कारण असे पेप्टाइड ट्रिप्सिनला सहसा तोडता येत नाही. या दोन्ही नळ्या मंद राहिल्या, तरच नेहमीचे कण असलेल्या, निरोधक न घातलेल्या तिसऱ्या नळीच्या उजेडावर विश्वास ठेव.

पेप्टाइडचा अमिनो आम्लक्रम ठरला की मागणी नोंदवण्यापूर्वी मला कळव. क्वेंचर कोणत्या टोकाला जोडायचा, ते आपण मिळून पाहू.

तुझा,
माधव